ब्लॉगवर नाही दिसलं

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी सैल झाली आहे आणि बॅटरीने केव्हाच मान टाकली. वायर निघाली की मी आडवा. तरी मित्रांनो, दोन घटका बसा. थकलेल्याचं ऐकून घेणारे हल्ली कमीच.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखाद्या ऐटबाज ऑफिसात मिरवेन. आलो तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर. माझी मालकीण दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट. दिवसभर लोकांच्या दाढदुखीला तारखा द्यायच्या, घरी येऊन कुकर लावायचा आणि मला उघडायचं. ज्यांच्या पुस्तकांची कुणी दखल घेत नाही, अशा लेखकांसाठी ती ब्लॉग चालवते. पुस्तक दोनदा वाचल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही, हा तिचा नेम. दुसरा नेम असा की, ब्लॉगवर स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. लेखक खूश व्हायचे. "ताई, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत," असं लिहायचे. मीही तेव्हा फुशारून जायचो.

तिच्या स्वतःच्या कथाही माझ्याच पोटात होत्या, फोडणी आणि भांडी यांच्या मधल्या वेळात लिहिलेल्या. त्यांचं पुस्तक निघालं. तिने ते कपाटात ठेवलं आणि दुसऱ्याच कुणाच्या कवितांवर लिहायला बसली. महिने गेले. तिच्या पुस्तकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ती रोज मला उघडायची, पण बोटांत जीव नव्हता. मला ते कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

एका संध्याकाळी ती लेकीला म्हणाली, "पुसून टाकते हा ब्लॉग. पुरे झालं." तेवढ्यात फोन वाजला. चित्रकला शिकवणारे एक कविमास्तर होते.

"ताई, माझ्या संग्रहावर कधी लिहिताय?"

"आता नाही जमायचं, मास्तर. दमले मी. माझं पुस्तक येऊन वर्ष होईल, एकानेही विचारलं नाही."

मास्तर गडबडले. "तुमचं पुस्तक? पण ताई, ब्लॉगवर नाही दिसलं कुठे!"

नवं पुस्तक आलं, हे त्या सगळ्यांना तिच्याच ब्लॉगवरून कळत होतं. ती हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही, रागच आला. इतक्या वर्षांत "ताई, तुम्ही काय लिहिता?" एवढंसुद्धा कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

मास्तरांनी पुस्तक मागवलं, दोनदा वाचलं आणि लेख पाठवला. तिने तो उघडला आणि लगेच कापाकापी सुरू केली. "'सुरेख' फारच वेळा आलंय. आणि हे काय, 'आमची लाडकी लेखिका'? छे!"

लेक मागे येऊन उभी राहिली. "आई, दुसऱ्याच्या पुस्तकावरचा लेख असता तर हे काढलं असतंस?"

"नसतं."

"मग हात काढ."

लेकीने लेख होता तसा ब्लॉगवर टाकला. ब्लॉग अजून चालू आहे. आता आळीपाळीने इतरही लिहितात, आणि ती कधीकधी कुकर लावून नुसती बसते.

माझे दिवस भरत आले आहेत, मित्रांनो. मला जपा असं म्हणत नाही. पण जो सदा तुमचं कौतुक करतो, त्याला एकदा विचारा, "तुमचं काय चाललंय?" तो म्हणेल, "काही नाही." तेवढ्यावर उठून जाऊ नका.