शेंड्यावरचा निळा पक्षी

डोळे मिटा पाहू. डोंगरमाथ्याजवळ एक कॉफीचा मळा आहे. मळ्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या, पुढे लांब व्हरांडा आणि सगळीकडे दाट धुकं. दिसलं? आता व्हरांड्यातला तो काळा फळा पाहा. दिसलेला पक्षी तिथे खडूने लिहायचा आणि पुढे सही करायची, असा तिथला रिवाज. मळ्याच्या मालकांचा नियम एकच: ज्याने लिहिलं, त्यानेच पुसायचं.

मावशीबरोबर आलेल्या भिंगरीने पहिल्याच सकाळी लिहिलं होतं: 'निळा पक्षी, लांब शेपटी, डोळा चकचकीत. उंच झाडाच्या शेंड्यावर.' (पाय एका जागी ठरत नसत, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.) मावशीच्या नावावर एकोणीस पक्षी होते आणि भिंगरीच्या नावावर हा एकच. पण तिला तो एकोणिसांना भारी वाटे. येता-जाता ती फळ्यासमोर थबकून आपली ओळ वाचून घेई.

शेजारच्या खोलीतले चष्मेवाले आजोबा तर त्या पक्ष्यापायी तीन दिवस नाश्ता विसरले होते. "लबाड आहे," ते म्हणत. "मी मान वर केली रे केली, की धुक्यात दडतो!"

चौथ्या दिवशी घरी निघायचं होतं. ऊन छान पडलं होतं. भिंगरी खळ्यावर मळ्याच्या मालकीणकाकूंच्या हाताखाली कॉफीची फळं वाळायला पसरत होती.

"काकू, तुमची ताडपत्री फाटलीय."

"मागच्या आठवड्यात वाऱ्याने नेला की कोपरा. कुठे जाऊन पडला, देव जाणे."

ताडपत्री निळी होती. उरलेल्या कोपऱ्यांना दोरी ओवायच्या पितळी कड्या होत्या. भिंगरीने गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. शेंड्यावर निळी शेपटी फडफडत होती आणि चकचकीत डोळा पितळेचा होता.

हे कुणालाच कळलं नव्हतं. तासाभरात गाडी येणार होती. गुपचूप निघून गेलं असतं, तर तिची ओळ फळ्यावर तशीच राहिली असती.

तेवढ्यात आजोबा वही घेऊन आले. "काय गं, दिसला का आपला दोस्त? लांबूनच चित्र काढलंय मी त्याचं. चोच तेवढी राहिलीय."

भिंगरीने गळ्यातून दुर्बीण काढली. "आजोबा, त्याला चोचच नाहीये." आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

आजोबांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "अगं, म्हणजे तीन दिवस मी ताडपत्रीला शीळ घालत होतो!"

काकूंनी तर हसता हसता बसकणच मारली. "बरं झालं बाई, कोपरा सापडला!"

भिंगरीही हसली, पण अर्धवटच. ती व्हरांड्यात गेली, टाचा उंचावल्या आणि आपली ओळ बाहीने पुसून टाकली. ती मोकळी जागा तिला बघवेना. मग तिने खडू उचलला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'ताडपत्री, निळी, एक.' पुढे सही केली आणि खडू आजोबांपुढे धरला.

"तुम्हीपण पाहिलीत ना? मग करा सही."