हिरव्या बोडीतली अमीबा

मी एक जुनी अमीबा आहे. आरमोरीकडच्या एका गावात, धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे छोटा तलाव, हे बाहेरच्यांसाठी सांगते. तिच्या तळाच्या गाळात माझा मुक्काम. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमचं माझं मैत्र कसलं? तुम्ही मला जंतू म्हणता, कीटाणू म्हणता, साबणाच्या जाहिरातीत दात विचकणारं हिरवं भूत म्हणून दाखवता. मला दात नाहीत. खरं तर तोंडही नाही. पण या पावसाळ्यात आमच्यावर जे झालं ते मुकाट गिळून बसणारी मी नव्हे.

माझं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी. हातपाय लागले की काढते, काम झालं की आत घेते. खायला काही सापडलं की त्याला चहूकडून वेढते, आणि जिथे वेढलं तिथेच पोट. नवरा केला नाही, सासर पाहिलं नाही. वेळ आली की मधोमध दुभंगते आणि दोघी होते. दोघींतली आई कोण आणि लेक कोण, ते आम्हालाही सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांच्या वतीने मीच बोलते. उन्हाळ्यात बोडीचा तळ भेगाळला की अंगाभोवती कवच ओढून पडून राहते. मालगुजाराने, म्हणजे जुन्या जमीनदाराने, ही बोडी खोदली त्या वर्षापासून मी इथली आहे. खोटं म्हणायला तेव्हाचं कोणी उरलेलं नाही.

माझी शाळा एका दिवसाची, ती पुढे सांगेन. पण त्या दिवशी एवढं कळलं, की आम्हाला प्रोटिस्ट म्हणतात. म्हणजे काय? जे झाड नाहीत, जनावर नाहीत, बुरशी नाहीत, बॅक्टेरियाही नाहीत, ते सगळे उचलून तुम्ही एका पोत्यात कोंबले आणि पोत्याला नाव दिलं. पोत्यात कोण कोण आहे ते पाहिलं तरी का? डायटम आहेत, काचेच्या डबीत राहतात, डबीला झाकण, झाकणावर अशी नक्षी की तुमच्या सोनाराने हात टेकावेत. युग्लेना आहे, अंगावर लाल ठिपका. उन्हात स्वतःचं अन्न स्वतः रांधते आणि अंधार पडला तर आयतं मिळेल ते खाते. पॅरामेशियम आहे, चपलेच्या तळव्यासारखी, अंगभर केस हलवत दिवसभर नुसती धावते. व्हॉल्वॉक्सचे हिरवे चेंडू आहेत, पोटात लेकरं घेऊन गरगरणारे. जंगलात पडलेल्या ओंडक्यावर पिवळी साय पसरते ना, तीही आमच्या पोत्यातली. वाळलेल्या लाकडातली उधई, तुमची वाळवी, लाकूड खाते म्हणता, पण ते तिच्या पोटात बसून पचवून कोण देतं? आमचेच. तुम्ही आत्ता घेतलात त्या श्वासातही आमच्या हिरव्यांचा वाटा आहे. कोणी कधी आभार मानले नाहीत, मी मागितलेही नाहीत. मोलाने काम करणारी मी नाही.

एक बाई मात्र आम्हाला ओळखायची. कुंता. तिचं घर बोडीला लागून, आणि घर चालायचं ते बोडीतल्या मासळीवर. बोडी भरली की ती एका कोपऱ्याला जाळीचं कुंपण घालायची, त्यात टोपल्यांनी शेण कालवायची आणि वाट पाहायची. शेणावर बॅक्टेरिया माजतात, त्यांच्यावर आम्ही. शेणाच्या खतावर आमच्यातले हिरवे फोफावतात, आणि पाणी हिरवंगार होतं. मग कुंता कोपरापर्यंत हात बुडवायची. बोटं दिसली तर पाणी कच्चं. बोटं दिसेनाशी झाली की पाणी पिकलं.

"काऊन वं, बांगडी पडली का पान्यात?" तिची सासू ठमाबाई दरवर्षी न चुकता विचारायची.

पाणी पिकलं की त्या कोपऱ्यात मासळीचे जिरे सोडायचे, म्हणजे जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं. ती आम्हाला खातात, आम्हाला खाणाऱ्यांना खातात, आणि बोटाएवढी झाली की मोठ्या पाण्यात जातात. माझ्या किती लेकी त्यांच्या पोटात गेल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. त्याचं मला दुःख नाही. ते आमचं काम आहे, आणि कुंताला ते माहीत होतं. म्हणूनच तिचा राग मला सगळ्यात जास्त आला.

आता शाळेचं. कुंताची मुलगी आचल एका सकाळी बाटलीत बोडीचं पाणी भरून शाळेत घेऊन गेली, आणि बाटलीत मीही गेले. मास्तरांनी थेंब काचेवर ठेवला आणि वरून सूक्ष्मदर्शकाचा डोळा लावला. पिंटू नावाच्या पोट्ट्याने पहिला डोळा लावला आणि वर्गाला सांगितलं, "हे त शेंबूड हाय."

माझ्या उभ्या आयुष्यात एवढा अपमान कोणी केला नव्हता. पण आचल म्हणाली, "शेंबूड चालते का रे? पाह्य नीट." तिने माझं चित्र काढलं. बेढब काढलं, पण मी बेढबच आहे, त्यात खोट नाही. खाली लिहिलं, आमच्या बोडीतली. आणि शाळा सुटल्यावर बाटली नालीत न ओतता तिने परत बोडीत आणून रिकामी केली. तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं, आणि तेवढं मला पुरलं असतं.

श्रावणात आचल तापाने फणफणली. दात वाजायचे, गोधडीवर गोधडी टाकली तरी थंडी जायची नाही. मग घाम फुटायचा, आणि पुन्हा तेच. गावातली आशा सेविका ज्योत्स्ना हिने बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्त घेतलं. मलेरिया निघाला, तोही मेंदूत जाणारा. गोळ्या तिथेच सुरू केल्या.

हो, मलेरियाचा परजीवी आमच्याच पोत्यातला आहे. मी नाकारत नाही. नातं इतकं दूरचं की सुतक लागायचं नाही, पण पोतं एक. मच्छराच्या मादीच्या पोटात वाढायचं, तिच्या सोंडेतून माणसात उतरायचं, आधी काळजाखालचं यकृत पोखरायचं, मग रक्ताचे कण फोडत सुटायचं. स्वतःचं काही कमवायचं नाही. ऐतखाऊ. एका चोरापायी वस्तीची वस्ती जाळायची असेल, तर मित्रांनो, तुमच्याही गल्लीपासून सुरुवात करा.

गावात सभा झाली होती, त्यात सांगितलं होतं, साचलेल्या पाण्यावर जळकं तेल टाका, म्हणजे मच्छराच्या आळ्या मरतात. सांगणाऱ्याला डबकं, नाली म्हणायची होती. कुंता आचलच्या अंथरुणाशी बसली होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर एकच साचलेलं हिरवं पाणी होतं. ती उठली, ट्रॅक्टरवाल्याकडून काळ्या तेलाचा डबा घेतला आणि बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आली. जिरे सोडून फार दिवस झाले नव्हते. नवरा केवळराम मागून धावत आला.

"कुंते, अवं त्यात जिरे हायेत."

"हायेत त मरू दे."

"वर्साचं पोट हाय आपलं."

"माह्या पोटची तिकडं थरथरून राह्यली, तिचं काय? हे पानी म्याच पिकवलं. आता मीच मारतो."

आणि तिने डबा उपडा केला.

तेल पाण्यावर पसरलं, रंगीबेरंगी, दिसायला मोठं सुंदर. खाली श्वास कोंडला. डायटम काचेच्या डब्यांसकट तळाला बसले. पॅरामेशियम धावता धावता फुटल्या. व्हॉल्वॉक्सच्या पोटातली लेकरं पोटातच राहिली. मी कवच ओढून गाळात दडले, म्हणून आज बोलते आहे. जिरे हवेसाठी वर आले आणि तेलात माखून तिथेच पालथे पडले. दिवस मावळायच्या आत तो कोपरा चंदेरी झाला होता. कुंताने एकदा पाहिलं आणि घरात गेली.

गोळ्यांनी आचलचा ताप उतरला. गोळ्यांनी, तेलाने नव्हे. ज्योत्स्ना पुन्हा पाहायला आली तेव्हा घरामागे गेली. घरकुलाच्या जोत्यात भरायला माती काढली होती, तिथे खड्डा होता आणि त्यात पावसाचं पाणी, इतकं निवळ की तळाचे खडे दिसत होते. पाण्याच्या पाठीवर आळ्या आडव्या लोळत होत्या.

"कुंताबाई, इथी हायेत ह्या," ज्योत्स्ना म्हणाली. मलेरियाच्या मच्छराला असंच स्वच्छ पाणी लागतं, आणि बोडीत चुकून अंडी घातलीच तर आळ्या मासे खाऊन टाकतात, असंही तिने सांगितलं. मग तिची नजर पाळीकडे गेली. बोडीत तेल कोणी ओतलं, तिने विचारलं.

"वाऱ्यानं आलं असन," केवळराम म्हणाला.

"वाऱ्यानं नाई," कुंता म्हणाली. "म्या ओतलं."

दुसऱ्या दिवशी तिने तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाडजूड दोर वळला. एक टोक तिने धरलं, एक केवळरामने, आणि दोघांनी तो पाण्यावरून ओढत तेल गोळा केलं. भिजला की बाहेर काढायचा, नवा वळायचा. ठमाबाई पाळीवर बसून पेंढ्या सोडून देत होती आणि त्या दिवशी तिने एकही टोमणा मारला नाही. तेल निघालं, पण जिरे सोडायचा हंगाम निघून गेला होता. दिवाळीनंतर कुंता आणि केवळराम गाठोडं बांधून तेलंगणात मिरची तोडायला गेले. आचल आजीजवळ राहिली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'मला जपा' म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. तुमच्या जपण्यावर मी कधी जगले नाही. राग मात्र धरायचा तर ज्याने चोरी केली त्याच्यावर धरा, आणि हातात डबा असेल तर ओतण्याआधी पाण्यात कोण राहतं ते एकदा वाकून पाहा. आम्ही दिसत नाही, ही आमची चूक नाही.

कुंताला मी माफ केलेलं नाही. तिनेही मागितलेली नाही, हे मला बरं वाटलं. ती तिकडे परक्या वावरात तिखट हातांनी डोळे पुसत असेल. इकडे मी कवच टाकून बाहेर आले आहे. काठावर थोडी युग्लेना उरली आहे, दोन-चार पॅरामेशियम धावू लागल्या आहेत, आणि मी सकाळपासून दोनदा दुभंगले आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ही बोडी पुन्हा भरून काढायची आहे. बाई घरी परत आली आणि पाणी कच्चं निघालं, तर नाक माझं कापलं जाईल.