स्टँडखालचा दगड

"डोंगराची सायकल म्हणे! आणि जाते कुठे, तर राजोडीच्या किनाऱ्यावर, रेतीत. तिथं कुठला डोंगर चढतोस रे तू?"

फाटकाबाहेर स्टॅनी सायकलवर बसूनच पाणी पीत होता. एक पाय पायडलवर, एक रस्त्यावर. डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं हेल्मेट. दोस्त पुढे निघून गेले होते आणि त्याचं लक्षही त्यांच्याच मागे गेलं होतं.

"मम्मी, माउंटन बाईक नाव आहे तिचं."

"नाव काय पण असू दे. उतर खाली. चहा टाकते."

"उतरून ठेवू कुठे? हिला स्टँड नाय. भिंतीला टेकवली तर रंग जातो."

"मग लाव की एक स्टँड."

"ह्या सायकलला कोण स्टँड लावत नाय गं. वजन वाढतं. ग्रुपवाले हसतील."

"एवढी धिप्पाड वस्तू, आणि स्वतःच्या पायावर उभी राहत नाही! तुझ्या बाबाने विहिरीत टाकली असती."

स्टॅनी हसला, तांब्या तिच्या हातात दिला आणि गेला.

दर रविवारी हे असंच. एस्थरची केळीची वाडी राजोडीच्या वाटेवर होती, एवढंच तिचं नशीब. लग्नानंतर मुलगा स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. 'आईला भेटून आलो' असं बायकोला, जोआनाला, सांगता यावं एवढाच तो थांबायचा. एस्थरच्या जिभेने गावात भल्याभल्यांची सालं काढली होती. हुकूम सोडणं त्या जिभेला जमायचं, पण 'बस ना रे थोडा वेळ' एवढं मात्र तिला कधी म्हणता आलं नाही. म्हणून ती स्टँडवरून भांडायची.

तिचा नवरा निकोलस सायकलवर केळीचे घड लादून बाजाराला जायचा. संध्याकाळी अंगणात त्या सायकलचं जाड स्टँड खण्णकन लागलं, की एस्थर चुलीवर आधण ठेवायची. स्टँड लागलं म्हणजे माणूस घरी आला, आता उठून कुठे जायचा नाही. निकोलसला जाऊन वर्षं झाली, पण कानात तो आवाज तसाच होता.

एका रविवारी स्टॅनीचं चाक फाटकासमोरच बसलं. पंक्चर. त्याने सायकल पडवीत गोणपाटावर आडवी टाकली, "पुढच्या रविवारी नेतो" म्हणाला आणि दोस्ताच्या गाडीत बसून गेला.

सोमवारी एस्थर ती सायकल हाताने ढकलत बाजारात घेऊन गेली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, मान ताठ. रस्त्यातली पोरं हसली, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

सायकलवाल्या आत्मारामने पंक्चर काढलं, पण स्टँडचं नाव काढताच मान हलवली. "आजी, हिला स्टँड बसवायला जागाच नाय. नळीला आवळून बसवायला लागेल."

"मग आवळ."

"पोराला विचारलंत का?"

"त्याला जन्माला घालताना पण विचारलं नव्हतं."

आत्मारामने आवळलं.

सुकेळ्यांचे दिवस होते. पिकलेली राजेळी केळी सोलून तिने अंगणभर बांबूच्या ताट्यांवर वाळत घातली होती. वसईत आता हे काम करणारी घरं बोटांवर मोजावीत. रविवारी चर्चमधून आल्या आल्या तिने मधल्या ताट्या उचलून बाजूला केल्या. अंगणाची माती भुसभुशीत, स्टँड रुतलं असतं. म्हणून विहिरीजवळचा चपटा दगड आणून तिथे बसवला आणि त्याच्यावर सायकल उभी केली.

शेजारची आल्बिना कुंपणावरून डोकावली. "अगं एस्थर, उन्हाची जागा सायकलला दिलीस? आणि केळी काय सावलीत सुकवतेस?"

"तू तुझ्या ताट्या बघ, बाय. त्यांच्यावर कावळा बसलाय."

आत कोंबडीचा रस्सा शिजत होता. तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. तीन ताटं मांडली होती.

स्टॅनी गाडी घेऊन आला. जोआना गाडीतच बसून राहिली, काच वर करून. स्टॅनी अंगणात शिरला आणि थबकला. सायकल नवऱ्या मुलासारखी उन्हात उभी होती.

"मम्मी! हे कोणी केलं?"

"मी. आता उभी राहते. चला, हात धुवा."

शेवटचं त्याने ऐकलंच नाही. तो गुडघा टेकून नळीवर बोट फिरवत होता. "दाबली बघ इथे. रंग पण उडाला. विचारायचं तरी!" त्याने खिशातून छोटा पाना काढला. "उगाच काय तरी करून ठेवतेस. मी काय इथे थांबतो का? दोन मिनिटं तर येतो!"

रश्शाचा वास अंगणापर्यंत आला होता. एस्थरच्या जिभेवर काहीतरी तिखट आलं. ते तिने गिळलं.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "दोन मिनिटांना स्टँड कशाला हवं."

स्टॅनीने स्टँड सोडवून दगडावर ठेवलं आणि सायकल गाडीत घातली. "येतो मम्मी, जोआनाच्या माहेरी जेवायला थांबलेत." जोआनाने काचेआडून हात हलवला. एस्थरनेही हलवला. गाडी वळणाआड गेल्यावर तिने रश्शाचं पातेलं उचललं, कुंपणावरून आल्बिनाच्या हातात दिलं आणि तिने तोंड उघडायच्या आत पाठ फिरवली. मग ताट्या ओढून पुन्हा उन्हात आणल्या.

पुढच्या रविवारी स्टॅनी आला, तेव्हा पाण्याचा तांब्या फाटकाच्या खांबावर झाकून ठेवलेला होता.

"मम्मी!"

ती ताट्यांमध्ये पाठमोरी बसून केळी उलटून ठेवत होती.

"पी आणि जा," ती मान न वळवता म्हणाली. "दोस्त पुढे जातील."

त्याने एक पाय रस्त्यावर टेकूनच पाणी प्यायलं. मग तांब्या खांबावर ठेवल्याचा आवाज आला आणि चाकं निघून गेली.

समुद्राकडून वारा सुटला. केळ्यांवर माश्या बसू नयेत म्हणून घातलेलं पातळ कापड फुगलं, पण उडालं नाही. त्याच्या एका टोकावर चपटा दगड होता, दुसऱ्यावर स्टँड.