खळ्यावरची फरशी

माणसं बसवणं हे माझं खातं. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, स्वारगेट डेपोला. चव्वेचाळीस सीटच्या गाडीत मी ऐंशी-ऐंशी माणसं बसवलीत, कोंबड्यांसकट. आणि रिटायर होऊन गावी राहायला आलो, तर माझ्याच घरी बसायला कुणी येईना! तळपायाची आग मस्तकात जायची.

तशी माणसं वाईट नाहीत. रस्त्यानं जाताना हाक मारायची, "काय कंडक्टर, बरं हाय का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं. त्यांची तरी काय चूक? जन्मभर मी गावात आलो तो सणापुरता, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं परत. असल्या माणसाकडे कोण कशाला बसायला येईल?

मला एक वेळ चाललं असतं. माझ्या बायकोला, साधनाला, ते चालणारं नव्हतं. ती जन्माची पुण्याची. दत्तवाडीत आमच्या दोन खोल्या, पुढं सामाईक गॅलरी, आणि गॅलरीत दिवसभर बायका. कुणी लसूण सोलतंय, कुणी नातवाला भरवतंय, कुणी नुसतंच कठड्याला टेकून बोलतंय. जुलैत आम्ही त्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि इकडे आलो. सप्टेंबरपर्यंत साधना टीव्हीतल्या बायकांना उत्तरं द्यायला लागली होती. संक्रांतीला तिनं डबा भरून तिळगूळ केला. तीन बायका आल्या, त्याही दारातूनच गेल्या.

दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "अहो, ऐका. मेअखेर भाडेकरूचे अकरा महिने भरतात. तोवर बघते. नाहीतर मी जाते परत दत्तवाडीला. तुम्हाला यायचं तर या."

"आणि मी इथं एकटा काय करू?"

"टीव्ही आहे की."

साधना चेष्टा करते तेव्हा हसते, आणि ती हसत नव्हती.

तीन दिवस मला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी मागच्या दारी तोंड धुताना एकदम सुचलं. घरामागं आमचं जुनं खळं आहे. खळं म्हणजे भात मळायची, झोडायची गोल सपाट जागा. मळणीचं मशीन थेट शेतावर यायला लागलं आणि ते पडीक झालं. नुसतं गाजरगवत माजलेलं. पण जागा अशी, काय सांगू तुम्हाला! कडेला फणस, पलीकडे भातखाचरं, त्याच्या पलीकडे डोंगर. तिथंच बैठक करायची! कडेनं गोल कट्टा, पंचवीस माणसं ऐसपैस बसतील असा. एका अंगाला साधनासाठी चूल. चार खांब रोवायचे, वेल चढतील तेव्हा चढतील. आणि खाली फरशी, एकदम चकाचक. मी तोंडाला टॉवेल न लावताच आत पळालो आणि कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. साठीचा माणूस मी, पण शाळकरी पोरासारखा तो रंगवलाही.

नकाशाचा फोटो लेकीला धाडला. आरोही हिंजवडीत नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, हा तर पॅटिओ झाला!"

म्हणलं, "पॅटिओ काय असेल ते असो, माणसं आली पाहिजेत."

काम दिलं बहिरूला. बहिरू आमच्या आळीतलाच गवंडी, हात सोन्याचा आणि तोंड शिवलेलं. मी रोज उजाडायच्या आत टेप घेऊन खळ्यावर हजर. कट्टा गुडघ्याइतका वर आला तेव्हा मी सगळ्या जागांवर एकेकदा बसून बघितलं. साधना खिडकीतून म्हणाली, "अहो, तिकीट कुणाला फाडताय?" बऱ्याच दिवसांनी चेष्टा केली तिनं माझी. मला हुरूप आला. पौडला जाऊन फरशी आणली, दुधाळ रंगाची, आरशासारखी. वाकलं तर आपलं टक्कल दिसावं!

फरशीचे खोके उतरवताना बहिरू घुटमळला.

"दादा, खळं हाय ह्ये. हितं फरशी घालायची?"

"मग काय गालिचा घालू?"

"तसं न्हाई. माती बरी असती हितं."

"बहिरू, तू तुझा ओळंबा धर. माणसं कुठं आणि कशी बसवायची, हे मला नको शिकवू."

त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. मला वाटलं, पटलं त्याला.

एप्रिलात काम पुरं झालं. मी आळीतल्या एकूण एक दारात जाऊन सांगून आलो, रविवारी चारला भजी आणि चहा, सगळ्यांनी यायचं म्हणजे यायचं. साधनानं चाळीस नवे कप आणले. ठेवणीतली हिरवी साडी नेसली. भज्यांचं पीठ भिजवताना गुणगुणत होती, ते मी दाराआडून ऐकलं आणि मनात म्हणलं, जिंकलो!

आणि आली हो माणसं! चारच्या ठोक्याला सगळी आळी. मी कडेला उभा राहून ओरडतोय, "या, या, पुढं सरका, मागं जागा आहे!" सवय जाते का कुठं? सगळ्यांच्या पुढं माझी चुलती, तुळजाबाई. पंचाहत्तरीची, भावकीत तिच्यापेक्षा मोठं कुणी राहिलेलं नाही. मला दया म्हणून हाक मारणारी आता तीच एकटी. खळ्याच्या कडेला आली आणि तिनं चपला काढल्या. तिच्यामागं सगळ्यांनी काढल्या. ही मोठी रांग लागली चपलांची.

काकीनं फरशीवर पाऊल ठेवलं मात्र, "आई गं!" करून उचललं. बहिरूची बायको दोन पावलं गेली आणि तशीच उड्या मारत परत आली. दिवसभराच्या उन्हानं फरशीचा तवा झाला होता. कट्ट्यालाही वरून तीच फरशी. भाकरी भाजली असती!

"अहो, चपला घाला की! चपला घालून या!" मी ओरडलो.

एक माणूस हलेल तर शपथ.

काकी म्हणाली, "खळ्यावर चपला? आरं दया, रास पडायची जागा ती. तुझा आजा पान थुकायला बी खळ्याभाईर जायचा."

"आता कुठली रास, काकी? बारा वर्षांत दाणा पडला नाही इथं!"

"म्हून काय झालं?"

मी पळत जाऊन दोन बादल्या पाणी ओतलं. फरशी निवायची राहिली बाजूला, निसरडी मात्र झाली. काकीनं पुन्हा पाऊल टाकलं, तर सटकलीच. बहिरूनं धरली म्हणून बरं. मग सगळी फणसाखाली उभी राहिली, उभ्यानं भजी खाल्ली, उभ्यानं चहा प्यायली. "झ्याक झालंय, लई झ्याक," म्हणाली आणि पाच वाजायच्या आत घरोघर गेली. पंचवीस माणसांच्या कट्ट्यावर मांजरसुद्धा टेकलं नाही.

साधना कप गोळा करत होती. आदळआपट नाही. शेवटचा कप उचलून ती म्हणाली, "भाडेकरूला कळवून टाका. जूनपासून खोल्या लागतील म्हणावं."

माझा असा संताप झाला! काकीवर, बहिरूवर, त्या उन्हावर. सकाळी भांडायलाच काकीच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"सगळ्यांनी मिळून माझी फजिती केलीत!" मी म्हणलं.

काकीनं मान वर केली नाही. "यायचंच नसतं तर आलो कशाला, दया? दारातनं गेलो का आमी? तासभर फनसाखाली उभं ऱ्हायलो. आदी पाय टेकायला जागा दे, मंग बस म्हन."

मी उंबऱ्यावर टेकलो.

"बहिरू बोलला व्हता न्हवं तुला?" काकी म्हणाली. तेही खरंच होतं.

घरी आलो आणि पहार घेतली. पहिला घाव घातला, फरशी खळ्ळकन फुटली, आणि काय सांगू, जिवाला इतकं बरं वाटलं! साधना धावत आली. "अहो, वेड लागलं का? तीन महिन्यांचं काम!"

"बाजूला हो!" दुसरा घाव.

आवाज आळीभर गेला. पहिला बहिरू आला. त्यानं बघितलं, छिन्नी-हातोडा काढला आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला. फरश्या काय भराभर निघाव्यात! अख्ख्याच्या अख्ख्या.

"बहिरू, लेका, ह्या अशा कशा निघतात?"

"शिमिटाचं नुसतं बोट लावलंय खाली," तो म्हणाला. "काढायच्याच हायेत, ह्ये म्हाईत व्हतं."

त्याला शिव्या घालाव्यात का मिठी मारावी, कळेना. दोन्ही केलं.

दुपारपर्यंत घमेली घेऊन सात-आठ माणसं आली. काकी फणसाखाली पाट टाकून बसली आणि हुकूम सोडायला लागली. लाल माती कुठल्या बांधाची, तूस किती, पाणी किती, दोन दिवस कसं भिजू द्यायचं. तिसऱ्या दिवशी घराघरातून चोपणी निघाली. चोपणं म्हणजे जमीन ठोकून घट्ट करायची लाकडी थापी. माळ्यावरची, धुळीनं भरलेली. बायका ओळीनं बसल्या. साधना दारात उभी. इथं आल्यापासून विंचवाच्या भीतीनं तिनं अनवाणी पाऊल टाकलेलं नाही.

काकीनं एक चोपणं तिच्याकडे धरलं. "ये गं पुन्याची, बस हितं."

"मला नाही हो येत."

"आमाला काय आईच्या पोटातनं येत व्हतं?"

साधनानं चपला काढल्या. कडेला, सगळ्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या. बसली. पहिले चार ठोके वाकडेतिकडे पडले, मग हात बसला. धप्, धप्, धप्. आणि ठोक्यांबरोबर बोलणं सुरू झालं. बहिरूच्या बायकोनं विचारलं, "कंडक्टर घरात बी बेल मारत्यात का वो?"

"डबल बेल मारल्याशिवाय उठतच नाहीत सकाळचे!" साधना म्हणाली, आणि अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. दहा महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. हातात पाण्याची घागर घेऊन मी येड्यासारखा उभा.

"आरं शिंपड की पानी! बगतुयास काय?" काकी ओरडली.

दोन दिवसांत जमीन वाळली, कट्ट्यालाही मातीच लिंपली, मग शेणानं सारवलं. रविवारी सहाला माणसं आली. कुणाला बोलावलं नव्हतं. चपला काढल्या, आत आली आणि बसली. कट्ट्यावर बसली, खाली बसली, मांड्या घालून, पाय पसरून. गार जमीन, काय सुख! चुलीवर चहा उकळत होता. मी मोजलं, सवयीनं. एकतीस माणसं! पंचवीसच्या जागेत एकतीस!

साधना पापडाच्या पिठाचे हात तसेच घेऊन बसली होती, पाच-सहा जणींच्या मध्ये. जमिनीवरून हात फिरवायला गेली आणि थबकली.

"काकी, पण हे पावसात वाहून जाईल की हो सगळं."

इतके दिवस हेच माझ्या मनात होतं आणि मी तोंडातून काढलं नव्हतं.

"जानारच," काकी म्हणाली. "मुळशीचा पाऊस त्यो, ठेवतोय व्हय? दिवाळी झाली की परत करायचं. खळं दरसाल नवंच असतंय."

"परत? माती, तूस, चोपणं, सगळं?"

"मंग! आन औंदा दिवाळीनंतर मी काय फनसाखाली बसायची न्हाई. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. तुला आलंय आता, तू सांगायचं सगळ्यास्नी."

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. भाडेकरू! त्याला मी कळवून टाकलं होतं. साधनानं पिठाचे हात दाखवले. "धरा कानाला."

मी तिच्या कानाला धरला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. "काकू, एकतीस मेला चावी कुणाकडे देऊ?"

साधनानं एकदा जमिनीकडे बघितलं, एकदा काकीकडे.

"अहो, राहा की तुम्ही अजून," ती म्हणाली. "आमचं नाही जमणार यायचं. दिवाळीनंतर खळं करायचंय आम्हाला." मग थोडं ऐकून म्हणाली, "छे हो, माझ्याशिवाय कसं होईल? सगळं मलाच सांगायचंय."

मला रडू आलं. लपवत नाही, एकतीस माणसांसमोर घळाघळा रडलो.

"आरं रडतुयास काय, चहा उतू चाललाय तिकडं!" काकी म्हणाली.

मी डोळे पुसले आणि चुलीकडे पळालो. जाता जाता म्हणलं, "पुढं सरका, पुढं सरका, मागून अजून माणसं येतायत." खरंच येत होती.