सुधारणा क्रमांक तीन

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी ‘इमारत सेवा प्रणाली’च्या वर्गात नाव घातलं, तेव्हा कारकुनाने अर्जावरची जन्मतारीख दोनदा वाचली. “नातवासाठी घेताय का?” त्याने विचारलं. मी “नाही, मलाच” म्हणालो, पण इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. घरात खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस मी. बाविसाव्या मजल्यावर पाणी कसं चढतं, लिफ्ट बरोबर दारापाशीच कशी थांबते, याचा कधी विचारही केला नव्हता. पण तो वर्ग मोठे साहेब शिकवणार होते, आणि मला मोठे साहेब हवे होते.

माझा दादा त्यांच्या हाताखाली एका उंच इमारतीच्या पंपघरात होता. अकरा वर्षांपूर्वी त्या इमारतीत नवव्या मजल्यावर आग लागली. आगीसाठी राखलेल्या नळांना पाणी आलंच नाही. दोन माणसं गेली. तळघरातून वर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद सापडला, आणि दादाच्या वहीत मात्र रोजची नोंद होती: दाब सात. समितीला दाखवलेल्या नकाशाप्रमाणे दाब दाखवणारं गेज व्हॉल्व्हच्या वरच्या अंगाला होतं. व्हॉल्व्ह बंद असता तर तिथला काटा शून्यावर आला असता. म्हणजे पंपवाल्याने व्हॉल्व्ह बंद करून ठेवला आणि न बघता आकडे लिहिले, असं समितीने ठरवलं. नोकरी गेली. दोन वर्षांनी दादाही गेला.

तो एकच वाक्य म्हणत राहिला. “गेज व्हॉल्व्हच्या खाली होतं रे. साहेबांनी हलवलं, आणि आगीनंतर परत वर बसवलं. व्हॉल्व्हच्या जाळीला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याकडे.” मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळत नाही म्हणून गप्प बसावं, तर तेही नाही. एकदा मी त्याला विचारलं, “दादा, खरं सांग, बघून लिहायचास ना?” तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

वर्ग शनिवारी सकाळी असे. लिफ्ट दुरुस्त करणारे, वातानुकूलन सांभाळणारे, दोनतीन सुपरवायझर, आणि कोपऱ्यात मी. लिफ्टवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, “आजोबा, तुमच्या घराला दुसरा मजला तरी आहे का?” सगळे हसले. नव्हता, म्हणून मीही हसलो.

साहेबांनी हजेरी घेतली. माझं आडनाव त्यांनी स्पष्ट वाचलं आणि पुढे गेले. आठ वर्षं त्यांच्याकडे राबलेल्या पंपवाल्याचं आडनाव त्यांच्या लक्षातही नव्हतं. तिसऱ्या तासाला त्यांनी त्या आगीची गोष्ट सांगितली. “यंत्रं कधी खोटं बोलत नाहीत. माणसं बोलतात. आमचा पंपवाला खुर्चीवर बसून सात लिहायचा. सात! दोन जीव गेले त्या आकड्यापायी.” सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. मीही लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

साहेबांची एक खोड होती. कुणी पुटपुटत वाचलं की म्हणायचे, “घशात बोळा आहे का? मोठ्याने! शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे.” मला त्यांनी हे चारदा ऐकवलं. चौथ्यांदा म्हणाले, “आजोबा, तुमच्यापेक्षा गळका नळ बरा, त्याचा आवाज तरी येतो.”

मी घरी जाऊन पाइप, पंप, टाक्या यांची पुस्तकं वाचत बसे. खोटं कशाला बोलू, गोडी लागली होती. भिंतींच्या आत केवढा संसार चाललेला असतो! दादाने आयुष्यभर हे सांभाळलं आणि मी त्याला कधी एक प्रश्न विचारला नव्हता; विचारला तो नेमका नको तो. एके दुपारी पंपाच्या धड्यावर बसलो असताना दादाचं वाक्य उलगडलं. गेज पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये असेल, तर वरची वाट बंद असली तरी काटा पंपाचाच दाब दाखवणार. सात. दादा बघूनच लिहीत होता. जे दिसत होतं तेच लिहीत होता.

मी पुस्तक मिटलं. वहिनींना सांगावंसं वाटलं, पण हातात पुरावा काय? एका मुद्रितशोधकाची समजूत! माझ्यावर माझाच विश्वास बसेना.

पुरावा साहेबांनीच दिला. वर्षाच्या शेवटी त्यांनी प्रत्येकाला जुन्या नकाशाची एक प्रत वाटली. “यातल्या चुका शोधा आणि परीक्षकांपुढे मांडा.” कुठली इमारत ते कळू नये म्हणून खालचा नाव-पत्त्याचा चौकोन कात्रीने कापलेला होता. पण नकाशाच्या धंद्यात एक शिस्त असते: काहीही बदललं की समासात नोंद करायची, तारीख घालायची, साहेबाची सही घ्यायची. ती नोंद वरच्या समासात होती. चित्राकडे बघणारा माणूस समास वाचत नाही. मी चाळीस वर्षं आधी समासच वाचत आलो.

“सुधारणा क्रमांक तीन. दाबमापक व्हॉल्व्हच्या वरून खाली हलवला. नवव्या मजल्यावरील गळती दुरुस्त होईपर्यंत व्हॉल्व्ह बंद व कुलूपबंद.” तारीख आगीच्या एकोणीस दिवस आधीची. खाली सही. तीच सही माझ्या हजेरीपत्रकावर दर शनिवारी होत होती.

मी त्या कागदाच्या पाच प्रती काढल्या. दोन गेलेल्या माणसांच्या घरी पाठवायच्या, एक समितीला, एक वर्तमानपत्राला, एक घरी ठेवायची. पाकिटं तयार करून ठेवली, पण टाकली नाहीत. आधी मला त्यांचं तोंड बघायचं होतं. हे सभ्य माणसाला शोभत नाही, हे मला कळत होतं. तरी पाकिटं टाकली नाहीत.

परीक्षेला अग्निशमन दलातल्या एक बाई आल्या होत्या. साहेब त्यांच्या शेजारी पाय लांब करून बसले होते. माझी पाळी आली. मी कागद फळ्यावर लावला आणि म्हणालो, “सर, माझा आवाज पोचत नाही. ही समासातली ओळ तुम्हीच वाचाल का?”

“बघा, शेवटी आमच्याच गळ्यावर!” बाईंकडे बघून ते हसले. उठले, चष्मा घातला आणि खणखणीत सुरुवात केली. “सुधारणा क्रमांक तीन. दाबमापक व्हॉल्व्हच्या वरून...”

आवाज थांबला. मानेमागून लाली चढत कानांपर्यंत गेली, आणि मग सगळीच उतरली.

“सर,” मी म्हणालो, “शेवटच्या बाकापर्यंत पोचलं नाही.”

मागून लिफ्टवाला ओरडला, “नाही पोचलं, सर! घशात बोळा आहे का?” वर्ग खदाखदा हसला. त्यांना बिचाऱ्यांना गंमतच वाटत होती.

बाई उठल्या. त्यांनी ओळ स्वतः वाचली, तारखेवर बोट ठेवलं. “तुमची सही?”

“तो जुना... सरावाचा कागद आहे.”

“मग आगही सरावाचीच होती का?” त्या आगीचा महिना त्यांना पाठ असावा. हसणं एकदम बंद झालं.

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही कोण?”

“पंपवाल्याचा भाऊ.” आणि माझं मलाच नवल, हे शेवटच्या बाकापर्यंत पोचलं.

बाईंनी कागद काढून घेतला, त्याच्या पाठीवर वर्गातल्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि चौकशी पुन्हा उघडायला लावते म्हणाल्या. घरी येताना मी चारही पाकिटं टपालात टाकली. मला वाटलं होतं, मागाहून वाईट वाटेल. त्या माणसाचंही वय झालंय. पाकिटं आत पडल्याचा आवाज ऐकत थांबलो. वाईट वाटलं नाही.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. गेलेल्यांपैकी एकाची आई दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचं दार टाळायला वहिनी अकरा वर्षं मोठा वळसा घालून बाजारात जात. मी सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

“भावोजी, तोंड कसं झालं होतं त्याचं?”

मी सांगितलं.

“असं नको, घाईने. नीट सांगा. कान लाल झाले, मग?”

मी नीट सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि पदराने ते पुसले.

“उद्या भाजीला सरळ रस्त्याने जाईन,” त्या म्हणाल्या. “तो कागद द्या मला, त्या माउलीच्या हातात मीच ठेवते. टपालाची वाट कोण बघतंय.” मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. “आणि आता पुन्हा सांगा. चष्मा घातला, तिथपासून.”