तपकिरी व्हायला हवं होतं

मामाच्या कानामागची जखम काही केल्या भरेना, तेव्हा त्याने आमच्याच लॅबमध्ये, माझ्या हातून तिचा तुकडा काढून घेतला. मी त्याच्यासारखीच डॉक्टर असले तरी आमचं काम तुकडे तपासायचं, काढायचं नाही. पण मामाशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्मायचाय. "मामीला ताकास तूर लागू देऊ नकोस," असा वर दम.

कर्करोग होता, हे साध्या रंगातच दिसलं. कुठला, ते कळेना. एक जात जागच्या जागी बसून कातडी कुरतडते. कापून टाकली की बहुतेक वेळा सुटका. दुसरी मानेच्या गाठींत उतरू शकते, म्हणून जास्त कापावं लागतं. पेशी इतक्या विसकटलेल्या, की नुसत्या नजरेने निवाडा होईना. मग एका प्रथिनाची खूण शोधायची. ते प्रथिन असलं की पेशी तपकिरी रंगतात, म्हणजे बहुधा पहिली, गरीब जात. नसलं तर निळ्याच राहतात. रंग नीट चढला का हे कळावं म्हणून काचेवर शेजारी पहिली जात खात्रीने असलेल्या एका जुन्या पेशंटचा तुकडाही लावतात.

तो तुकडा तपकिरी झाला. मामाचा निळा.

"रंगाची बाटली खराब आहे," मामा म्हणाला.

"मग शेजारचा कसा रंगला?"

"मला शिकवू नकोस. नवी मागव."

"मामा, तू आधी सर्जनला गाठ."

"तपकिरी होऊ दे, मग जातो. अर्धा कान उगाच कोण देणार?"

नवी बाटली आली. मग रंगवण्याआधी काच गरम करायचं भांडं बदललं, मग वेळ वाढवली. लोकांचे रिपोर्ट सांगताना ज्याची पापणी हलली नाही, तो माणूस बाटलीवर खापर फोडत होता. मला संताप येत होता. आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी त्याचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून पातळ पापुद्रा कापताना या खेपेला तरी तपकिरी होऊ दे, असं मीही म्हणत होते.

एका दुपारी पापुद्रा कोमट पाण्यावर सोडला, तर तो आरपार दिसला. तुकडा संपला होता. नुसतं मेण उरलं होतं.

मी ठोकळा त्याच्यापुढे आपटला. "बास, मामा. आता रंगवायला काही नाही."

त्याने तो उजेडात धरून पाहिला. मग खुर्ची फिरवून पाठ केली. "दुसरा तुकडा घे. माल भरपूर आहे."

मी कान पुढे दुमडला आणि आधारासाठी दुसरा हात मानेवर ठेवला. जबड्याखाली बोटांना टणक काहीतरी लागलं. दाबलं तरी ते सरकेना.

"थांबलीस का गं?"

त्याने हात मागे आणला, माझी बोटं बाजूला सारली आणि स्वतःच चाचपलं.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"पहिला तुकडा काढला तेव्हा नव्हती," मी म्हणाले.