हिराची पात

सुदर्शनने फळ्यावरची संख्या मोठ्या झोकात वाचली, "चार हजार पाचशे छत्तीस!" आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिला. फळ्यावर होते ४५,०३६. माझं डोकं एरवीही लवकर तापतं, त्यात सकाळी अवसरीची एसटी चुकलेली.

"आणि मधलं शून्य कुठं गेलं रे? गिळलंस?"

"शून्य म्हंजे कायच न्हाई ना, बाई? मग जे न्हाईच ते वाचायचं कशाला?"

घ्या! अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट, वारूळवाडीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेतली. चौथीची ती कार्टी माझा जीव खायची आणि जीव लावायचीही.

मी सगळ्यांना अंगणात काढलं. फक्कीने ओळीत पाच चौकोन आखले. उजवीकडून एकक, दशक, शतक, हजार, दशहजार. पाच पाट्यांवर एकेक आकडा लिहिला. चार, पाच, तीन, सहा यांच्यासाठी झोंबाझोंबी झाली, पण शून्याची पाटी कुणी हातात धरेना.

"हिराला द्या, बाई," अमृत म्हणाला. "ती निम्मं वर्ष शाळंत नसतीच!"

सगळे खिदळले. हिरा म्हणजे जानकू मेंढपाळाची लेक. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागत, ती पावसाच्या तोंडाला परत येत, आणि हिराही त्यांच्याबरोबरच. पोरीने मुकाट्याने पाटी घेतली. तिची मान खाली गेली. अमृतचा कान मी असा पिळला की त्याला आजोळ आठवलं असेल.

मग मी हिरालाच विचारलं, "तुझी आई सध्या खुरपायला जाते ना? बाया ओळीनं बसतात, प्रत्येकीला आपली पात असते, खुरपायचा आपला पट्टा. समज, एक बाई मधेच उठून पोराला पाजायला बांधावर गेली. मग शेजारीण सरकून तिची पात घेते का?"

"छ्या! शेजारची तिच्या वाटचंबी जराजरा खुरपती. पण पात तिचीच ऱ्हाती. घेतली तर भांडणंच व्हतील की, बाई!"

"मग शून्य म्हणजे तेच गं. तिथं सध्या कुणी नाही, पण पात आहे. कुणी सरकायचं नाही."

हिरा शतकाच्या चौकोनात जाऊन उभी राहिली, या वेळी मान वर करून. पोरांनी वाचलं, "पंचेचाळीस हजार छत्तीस!" मला इतका आनंद झाला की मी अमृतलासुद्धा शाबास म्हटलं.

दिवाळीची सुटी संपली. शाळा भरली, पण हिरा आली नाही. आली ती तिची आई, गजराबाई.

"दाखला द्या, बाई. नाव कमी करा. उद्या आमी निघतोय."

"गजराबाई, दर वर्षी पोरगी अर्ध्यात जाते, मी काही बोलले का? पण नाव कशाला कापता?"

"कोकरं सांभाळायला कुणीतरी पायजे. अन् बारकी व्हती तवर ठीक, आता मोठी झाली. नाव ठिवून काय उपेग?"

मी तापले, विनवलं, पुन्हा तापले. एवढी हुशार पोर माझ्या डोळ्यांदेखत शाळेतून चालली होती आणि त्या बाईपुढे माझं काही चालत नव्हतं. शेवटी मी कपाट उघडून दाखल्यांचं पुस्तक काढलं. तेवढ्यात अंगणात कालवा झाला. मी पोरांना संख्या खेळायला लावून आले होते. काय झालं म्हणून आम्ही दोघी दाराशी गेलो.

तीच संख्या मांडलेली होती. शतकाचा चौकोन मोकळा, आणि त्यावर बाभळीची सावली. ऊन लागतंय म्हणून हजारातला अमृत हळूच त्या चौकोनात सरकला होता. दशहजारातली हर्षाली त्याच्यावर खेकसत होती.

"ए, मागं हो! ती हिराची पात हाय!"

"हिरा हाये कुठं पण?"

"नसंना का! तू सरकलास तर मलाबी सरकावं लागंल, अन् पंचेचाळीस हजाराचं साडेचार हजार व्हईल! व्हय मागं!"

अमृत पाय आपटत उन्हात परतला.

"कुणाची पात म्हनली ती?" गजराबाईंनी विचारलं.

"तुमच्या हिराची. ती शून्य होते ना, शतकात. मी सांगितलं नव्हतं हो त्यांना, त्यांची त्यांनीच ठेवलीय मोकळी."

गजराबाईंनी त्या मोकळ्या चौकोनाकडे बघितलं. मग पदराने डोळे पुसले. "आमी हितनं हाललो की आमची जागा लगीच कुनीतरी घेतंय, बाई. समद्या गावात हेच. कुनी राखल्याली आज पयल्यांदा बघितली."

त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मागं सारलं.

"ऱ्हाऊ द्या तो दाखला," त्या म्हणाल्या. "सोनीबाईकडं ठिवते तिला, हितल्या तिच्या आत्याकडं. कोकरांचं मी बघन."

दुसऱ्या दिवशी हिरा आली, रडून डोळे सुजलेले. मी तिच्या पाटीवरचं शून्य पुसलं आणि नऊ लिहिला. ती आपल्या चौकोनात उभी राहते न राहते तोच रस्त्यावर मेंढरांचा आवाज आला. पुढे जानकू, मागे घोड्यावर बिऱ्हाड, आणि कोकरू काखेत घेतलेल्या गजराबाई. हिराने "आये!" म्हणून हंबरडा फोडला आणि धावायला पाय उचलला.

"हिरे, हालू नगंस!" गजराबाई रस्त्यावरूनच ओरडल्या. "पात सोडू नगंस, माजे बाई!"

हिराचा पाय चौकोनात परत आला. हर्षालीने तिकडून वाचायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी, आणि हुंदके देत देत हिरानेही, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "पंचेचाळीस हजार नऊशे छत्तीस!"